व्याह्यांच्या दोन गाड्या

डेपोत त्याला पुसणीस म्हणायचे. चिटणीस, फडणीस, तसा पुसणीस. खरं नाव हजेरीपटावर होतं, तेवढ्यापुरतंच. गाडी उभी राहिली की याच्या हातात फडकं. समोरची काच, दोन्ही आरसे, स्टिअरिंग, दरवाज्याचा दांडा, सगळं पुसून झालं की मग तो माणसांशी बोलायचा. काच पुसायची म्हणजे आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, आणि शेवटी कोपऱ्यात बोट घालून. वरवर हात फिरवून मोकळा होणारा ड्रायव्हर त्याच्या लेखी ड्रायव्हरच नव्हता.

त्याची गाडी ठरलेली होती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण डेपोत सगळे तसंच वागायचे. रोज सकाळी ज्याने त्याने आपलीच गाडी बाहेर काढायची, पाळी संपेपर्यंत ती त्याची. पुसणिसाच्या सीटवर बायकोने शिवलेली गादी होती. ब्रेक किती दाबला की कुठे लागतो ते त्याच्या पायाला पाठ होतं. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याने ती गाडी चालवली आणि आरसा बोटभर जरी हलला, तरी दुसऱ्या दिवशी याची चिडचिड व्हायची.

त्याच मार्गावर त्याच्या मागची गाडी व्याह्याची असे. हा व्याही आधी मित्र. दोघं एकाच वर्षी भरती झाले, एका खोलीत राहिले, एकमेकांना अरेतुरे करत आणि शिव्या देत म्हातारपणाकडे निघाले. मग याची लेक त्याच्या मुलाला दिली, आणि लग्नानंतर पहिल्याच सकाळी डेपोच्या फाटकात व्याही म्हणाला, "अहो व्याही, चहा झाला का?" यानेही मान तुकवून "झाला की, आपला?" असं विचारलं. आजूबाजूचे ड्रायव्हर पोट धरून हसले. पण ते अहोजाहो टिकलं. फार राग आला तरच सुटायचं.

मार्ग डेपोपासून निघायचा, बाजारातून, पाण्याच्या टाकीवरून, चढ चढून वरच्या टोकाला जायचा. गाडीत कंडक्टर नसे, तिकीट ड्रायव्हरच द्यायचा. टोकाला एक शेड, एक नळ आणि एक लांब बाक. जेवणाची सुट्टी तिथेच. वेळापत्रक करणाऱ्याने हिशेब सरळ ठेवला होता. दोन गाड्यांमध्ये वीस मिनिटांचं अंतर, आणि जेवायलाही वीसच मिनिटं. मागची गाडी वर पोचली की पुढचीने निघायचं. कागदावर यात काही खोट नव्हती. पण त्यामुळे पुसणीस डबा बंद करायचा तेव्हा व्याही डबा उघडायचा, आणि दोघांची भेट म्हणजे खिडकीतून हात हलवणं.

यावर दोघांनी तोडगा काढला. बसून ठरवलं असं नाही, हळूहळू जमत गेलं. पुढचा पुसणीस चढावर रेंगाळायचा. कुणी लांबून पळत येताना दिसलं की थांबायचा, आणि लोक म्हणायचे, काय भला माणूस आहे. मागचा व्याही बाजारातून गाडी दामटायचा आणि हात दाखवणाऱ्याला, मागून येतेय, अशी खूण करून पुढे निघायचा. टोकाला दोघं बरोबरच पोचायचे, बाकावर डबे उघडायचे आणि जेवण आटोपलं की बरोबरच निघायचे. पुढे सबंध दुपार या दोन गाड्या एकीला एक चिकटून धावायच्या. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरीत नुसता वारा. आणि त्यांच्यामागे कितीतरी वेळ रस्ता मोकळा. लांबून दोन गाड्या दिसल्या की स्टॉपवरचं कुणीतरी म्हणायचं, "आली बघा व्याह्यांची वरात."

पुसणिसाला त्या जेवणाची ओढ होती त्याचं कारण होतं. व्याह्याचा डबा लेकीच्या हातचा असे. त्यातली निम्मी भाजी व्याही न विचारता याच्या झाकणावर काढायचा. आणि भाजीबरोबर बातम्या. फोनवर लेक एवढंच म्हणायची, "मी बरी आहे, तुम्ही कसे आहात?" बाकीचं व्याह्याकडून कळायचं, कारण तो बोलायला लागला की थांबत नसे. लेकीने बाहेरच्या खोलीचे पडदे बदलले, सासूने नाक मुरडलं, आणि मग तेच पडदे शेजारणीला हात लावून लावून दाखवले. लेकीला चष्म्याच्या दुकानात दुपारची नोकरी लागली. तिथे एका आजोबांनी दुसऱ्याचाच चष्मा लावला आणि आता छान दिसतंय म्हणून सोडेचनात. पुसणीस ऐकायचा आणि हळूहळू चावायचा. संध्याकाळी घरी बायको दारातच विचारायची, काय म्हणाली ती. याला सांगण्याची हौस नव्हती, पण सगळं सांगावं लागायचं, पडद्याच्या रंगासकट.

तर एक दिवस कंट्रोलरबाईंनी दोघांना खिडकीशी बोलावलं. या बाई मार्गावरच्या गाड्या सोडायच्या. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे ड्रायव्हर त्यांना जास्त घाबरत. त्यांनी सरळ सांगितलं. तक्रारी थांबत नाहीत. दुपारी या मार्गावर एक तर दोन गाड्या येतात, नाहीतर एकही येत नाही. पुढच्या महिन्यापासून दोघांपैकी एकाने कारखान्याच्या मार्गावर जायचं. कोण, ते दोघांनी ठरवावं, नाहीतर त्या ठरवतील.

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्याची गाडी दुसऱ्या फाटकातून सुटायची, पाळीही वेगळी. मग दोघांनी बाजारावर खापर फोडलं. हातगाड्या, उभे ट्रक, मधोमध गप्पा मारणारी माणसं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग ती गर्दी तुम्हा दोघांनाच बरी एकत्र आणते," त्या म्हणाल्या.

दोघं बाहेर पडून फाटकापर्यंत आले. मग व्याही म्हणाला, मी जातो. पुसणीस म्हणाला, तुम्ही कशाला, मी जातो. लेकीची खबर मिळावी म्हणून तुम्ही इथेच राहा, असं व्याही म्हणाला. मग तुम्हीच नसाल तर खबर सांगणार कोण, असं याने विचारलं. कुणीही गेलं तरी जेवण मोडणार हे तेव्हा दोघांच्या लक्षात आलं.

"अरे मग करायचं काय, गाढवा?" व्याही म्हणाला, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं.

काही ठरलं नाही. त्याच आठवड्यात पुसणीस चाकावर पाय देऊन काचेची वरची कड पुसत होता. पाय घसरला, आणि पडताना हात टेकला तो मनगटावर. हाड शाबूत होतं, पण डॉक्टरने पट्टा बांधला आणि बरं होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. अशा ड्रायव्हरला डेपोत हलकं काम देतात. याला पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर उभं केलं. आलेल्या गाडीची वेळ लिहायची, बस्स. त्याची गाडी एका बदली ड्रायव्हरला दिली. या गड्याला सगळे बिस्किट म्हणायचे, कारण तो डबा आणत नसे. पुडा फोडायचा, उभ्याउभ्या संपवायचा आणि गाडी सुरू करायचा. आपल्या सीटखाली चुरा पडत असणार या विचाराने पुसणिसाचा दिवस वाईट सुरू झाला.

उभं राहणं हे त्याला काम वाटत नव्हतं. पण दिलंय तर नीट करायचं म्हणून तो उन्हात ताठ उभा राहिला. बाजार नेहमीसारखाच तुंबलेला होता. हातगाड्या होत्या, ट्रक होते. मनातून त्याला वाटत होतं की आज अनुभवी माणूस गाडीवर नाही, तेव्हा आणखीच घोळ होणार.

घोळ झाला नाही. एक गाडी आली, गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. मग तिसरी. त्याची स्वतःची गाडी आली, काचेच्या कोपऱ्यात धूळ होती, पण वेळेवर आली. त्यानंतर योग्य अंतराने व्याही आला, पडलेल्या चेहऱ्याने, कारण वर बाकावर एकट्याने जेवून आला होता. सबंध दुपारभर वरात म्हणून निघाली नाही. पहिल्या दिवशी पुसणीस म्हणाला, योगायोग. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई त्याच्या हातातला कागद बघून म्हणाली, "लिहा, लिहा. आजकाल बरं चाललंय. त्या व्याह्यांपैकी एक रजेवर आहे म्हणे." पुसणिसाने मान खाली घालून लिहिलं. आपण नसलो की सगळं सुरळीत चालतं, हे माणसाला उन्हात उभं राहून बघायला लागणं फार वाईट.

आणि मग लेक आली. खांद्याला पर्स, केस नीट बांधलेले, दुकानात निघालेली. तिने आधी पट्टा बघितला, मग चाकावर चढायचं वय आहे का म्हणून बापाची हजेरी घेतली. याने विषय बदलावा म्हणून नोकरीचं विचारलं.

"या आठवड्यात मालकाने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही," ती म्हणाली.

"एरवी बघतो?"

"बघतो म्हणजे? माझ्याकडे बघतो, मग घड्याळाकडे, मग परत माझ्याकडे. मी लवकर निघून इथे येऊन उभी राहते, तरी उपयोग नसतो. तुमच्या दोन गाड्या कधी निघतील ते कुणाला माहीत?" मग ती हसली. "बाबा, खरं सांगू? ज्या दिवशी माझी भाजी चांगली होते ना, त्या दिवशी मला उशीर होतो."

याला आधी कळलंच नाही. मग कळलं. भाजी चांगली असली की दोघं आणखी थोडे बसायचे. व्याही शेवटचा घास पुसून घ्यायचा, मग पाणी, मग एखादी गोष्ट. आणि खाली टाकीच्या स्टॉपवर जिने ती भाजी केली ती उभी.

"म्हणून मध्येमध्ये मीठ कमी घालते," लेक म्हणाली.

त्याला ते अळणी डबे आठवले. लेकीचं हल्ली स्वयंपाकात लक्ष नाही, असं तो व्याह्याला एकदा बोललाही होता.

"मग सांगायचंस की मला."

"काय सांगू? माझे दोन्हीकडचे वडील जेवायला बसलेत, त्यांना उठवा म्हणून?"

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि हात हलवून गेली. त्या गाडीची वेळ लिहायची राहिली. मागच्या माणसाला विचारून त्याने ती लिहिली.

संध्याकाळी तो घरी न जाता कंट्रोलरबाईंच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, मला कारखान्याच्या मार्गावर पाठवा. बाईंनी मान वर केली. हेच आज सकाळी तुमचे व्याही सांगून गेले, असं त्या म्हणाल्या. तेव्हा याने आजवर न बोललेली गोष्ट बोलून टाकली, की वरात बाजारामुळे नाही, जेवणामुळे निघते. बाईंना ते माहीत होतं. सगळ्या मार्गाला माहीत होतं.

मग त्यांनी एक आठवण करून दिली. गेल्या वर्षी वेळापत्रक करणाऱ्याने एक पद्धत सुचवली होती. टोकाला गाडीने थांबायचंच नाही. गाडी आली की ड्रायव्हरने उतरायचं आणि आधी जेवून बसलेल्याने ती घेऊन निघायचं. उतरलेल्याने मागून येणारी पहिली गाडी जाऊ द्यायची आणि त्यानंतरची घ्यायची. बसायला निवांत वेळ, मागून येणाऱ्याशी चार शब्द बोलायलाही वेळ, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्याचा पत्ता लागायचा नाही. मार्गावर एक जादा ड्रायव्हर लागेल, तो बिस्किट आहेच.

"पण त्यात कुणाचीच गाडी ठरलेली राहत नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा बैठकीत सगळ्यात आधी उठून नाही कोण म्हणालं, आठवतंय?"

आठवत होतं. तोच उठला होता. माझी गाडी दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा मी घरी बसेन, असं भर बैठकीत म्हणाला होता, आणि बाकीच्यांनी बाकं वाजवली होती.

खिडकीतून त्याची गाडी दिसत होती. बिस्किटने ती तिरकी लावली होती. त्या गाडीचं दार कुठे कुरकुरतं, पावसात वायपर कुठे अडकतो, चढावर तिला कधी गियर बदलून हवा असतो, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एवढं सगळं त्याने तिच्यासाठी केलं होतं, आणि टाकीच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त गाडी आली का नाही एवढंच दिसत होतं.

"परत बोलवा बैठक," तो म्हणाला.

बैठक ड्रायव्हरांच्या खोलीत झाली. पुसणीस उठला तेव्हा काहींनी सवयीने बाक वाजवायला हात उचलले होते. तो म्हणाला की पद्धत करून बघू. खोलीत हशा पिकला. कुणी म्हणालं, मनगटाबरोबर डोकंही आपटलं का बघा. एक जाडजूड जुना ड्रायव्हर होता, तो हसला नाही. त्याचं म्हणणं होतं की आपण सीट आपल्या पाठीला बेतून घेतलेली असते. उद्या कुणाच्या घामावर बसायचं, कुणाचा चुरा झटकायचा? बिस्किटने खिडकीबाहेर बघितलं.

पुसणीस फार बोलणारा नव्हता. "मी जी गाडी देईन ती पुसून देईन," तो म्हणाला. "मला जशी मिळेल तशी घेईन. चकार शब्द काढणार नाही."

डेपोतला सगळ्यात किरकिऱ्या माणूस असं म्हणाल्यावर बाकीच्यांचं घोडं अडणार कुठे? जुन्या ड्रायव्हरने मान डोलावली. एक महिना बघू, तो म्हणाला, नाही जमलं तर शिव्या तुला. बाहेर पडताना व्याह्याने काळजीने विचारलं, "अहो, पण तुमची गादी?"

"गादी काखेत मारून फिरेन," पुसणीस म्हणाला.

मनगटाचा पट्टा सुटला आणि नवीन पद्धत सुरू झाली. त्या दुपारी तो वेळेवर वर पोचला. चढावर रेंगाळला नाही, पाय शिवशिवत होता तरी. गाडी उभी राहताच त्याने स्टिअरिंग पुसलं, दांडा पुसला, तिकिटाचं मशीन, डबा आणि गादी उचलली आणि खाली उतरला. बाकावर बसलेल्या दोघांपैकी जुना ड्रायव्हर उठून चढला, सीट धाडकन मागे सरकवली, आरसा फिरवला आणि निघाला. पुसणीस तिकडे पाठ करून नळावर हात धूत उभा राहिला. वळणावर गियरचा आवाज आला तेव्हा त्याने डोळे मिटले. गियर उशिरा टाकला होता.

गादी बाकावर ठेवून तो तिच्यावर बसला. घाई नव्हती. डबा उघडला, झाकण मोकळं ठेवलं. पुढची गाडी व्याह्याची. ती आली, तीही बाकावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरने घेतली आणि व्याही डबा नि मशीन हातात धरून रस्त्यातूनच जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिला. मग येऊन टेकला.

"मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटतं हो," तो म्हणाला.

"आम्हाला सवय आहे," पुसणीस म्हणाला, आणि दोघं हसले.

भाजीत मीठ बरोबर होतं. व्याह्याने निम्मी झाकणावर काढली आणि बोलायला लागला. चष्म्याच्या दुकानात मालक आता लेकीला दुपारी गल्ल्यावर बसवतो. काल कुणी बाई आली होती, तिला नंबर नव्हताच, पण शेजारणीसारखी फ्रेम हवी होती. लेक तिला म्हणाली, असं म्हणून व्याह्याने घास घेतला, आणि तेवढ्यात चढावर गाडी दिसली. आतून बिस्किट हात हलवत होता.

पुसणीस उठला. व्याही म्हणाला, अहो ऐकून तरी जा. याने डबा बंद केला, मशीन आणि गादी उचलली. व्याही बाकावरून उठून खिडकीपर्यंत आला आणि बोलतच राहिला. फ्रेमची गोष्ट अर्धी खिडकीतून आत आली, अर्धी इंजिनाच्या आवाजात गेली. बाकीचं उद्या, असं याने हाताने सांगितलं.

सीटखाली चुरा होता. काचेच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. चकार शब्द काढायचा नाही असं कबूल केलं होतं. त्याने गादी टाकली, आरसा स्वतःकडे वळवला, एका हाताने स्टिअरिंगवरून फडकं फिरवलं आणि वेळ झाली तशी गाडी सोडली. ठसे तसेच राहिले. उतारभर ते डोळ्यांत खुपत होते.

टाकीच्या स्टॉपवर त्याने लेक दिसते का म्हणून आधीच वेग कमी केला. ती नव्हती. पुढच्या गाडीने गेली असणार, कदाचित तिच्याही पुढच्या. स्टॉपवर एकच माणूस होता. खांबाला टेकून त्याने नुकतंच वर्तमानपत्र उघडलं होतं. दार उघडलं तसं त्याने वैतागून पानं घडी केली आणि चढला.

"दोन ओळी तरी वाचू द्यायच्या," तो म्हणाला.

पुसणिसाने त्याला तिकीट दिलं, बसायला जागा आहे असं सांगितलं आणि दार लावलं.